वाटीत किती मावते, काट्यावर किती भरते

गेल्या अंकात फराळाच्या प्रमाणांविषयी लिहिले, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या रूपांत मांडलेली दिसली. एका ठिकाणी कृती वाटीने सांगितलेली असते, दुसऱ्या ठिकाणी ग्रॅमने, आणि दोन्हींचा मेळ घालताना पदार्थ बिघडतो. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची फराळाची जुनी वही माझ्याकडे आली आहे. तिच्यात चकलीच्या भाजणीसाठी 'तांदूळ १ शेर, हरभऱ्याची डाळ १ मापटे, उडदाची डाळ १ चिपटे' असे लिहिले आहे, आणि पुढच्याच पानावर 'गूळ अच्छेर, तूप नवटाक' असे आहे. शेर म्हणजे एक किलो धरावा का? या सगळ्याचे ग्रॅममध्ये रूपांतर कसे करावे?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : आपल्या वहीतल्या या दोन ओळींत दोन निरनिराळे शेर आहेत, आणि हे लक्षात आले की अर्धे कोडे सुटते. धान्य आणि डाळी मापाने मोजत असत, तर गूळ, तूप, साखर, मसाले हे तराजूने तोलत असत. दोन्हीकडे मोठ्या एककाला शेरच म्हणत. त्यामुळे कोणता शेर अभिप्रेत आहे, हे त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ओळखावे. शेराबरोबर मापटे, चिपटे, कोळवे, निळवे किंवा पायली आली असेल तर तो मापाचा शेर. त्याच्याबरोबर अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक किंवा तोळा आला असेल तर तो वजनाचा शेर.

आता भाजणीची ओळ पाहू. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची पायली, असा मापाचा हिशेब होता. म्हणजे सासूबाईंनी लिहिलेले प्रमाण चार भाग तांदूळ, दोन भाग हरभऱ्याची डाळ आणि एक भाग उडदाची डाळ एवढेच आहे. त्यासाठी ग्रॅम शोधण्याची गरजच नाही. एकच वाटी घेऊन चार, दोन आणि एक वाट्या मोजल्या की भाजणी त्यांच्या हातची होईल. तांदूळ आणि या दोन्ही डाळी एका वाटीत भरल्या तर त्यांचे वजन जवळजवळ सारखे भरते, त्यामुळे ८०० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ आणि २०० ग्रॅम उडदाची डाळ घेतली तरीही प्रमाण बिघडत नाही. मात्र भाजणीत पोहे किंवा धने घालत असाल, तर तेथे हा सरळ हिशेब चालणार नाही, कारण वाटीभर धने वाटीभर तांदळाच्या निम्म्यानेही भरत नाहीत. एवढ्या दोन जिनसा वाटीनेच घ्याव्यात.

मापाच्या शेराचे किलोत नेमके रूपांतर मी मुद्दामच देत नाही. माप प्रांताप्रांतात निराळे होते, आणि ते भरताना वर शीग लावत, म्हणजे भांड्याच्या काठाच्या वर जेवढे धान्य राहील तेवढे रास करून राहू देत. आपल्या घरात जुने मापटे अजून असेल तर ते तांदळाने शीग लावून भरावे आणि तो तांदूळ काट्यावर ठेवावा. आपल्या घरचे उत्तर तेच.

गूळ-तुपाच्या ओळीसाठी मात्र आकडे लागतील. इंग्रजी अमदानीत सर्वत्र प्रमाण मानला गेलेला पक्का शेर ८० तोळ्यांचा होता आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्या हिशेबाने शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, अच्छेर म्हणजे ४६७ ग्रॅम, पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम, नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, सुमारे ११७ ग्रॅम, आणि छटाक म्हणजे सोळावा हिस्सा, सुमारे ५८ ग्रॅम. शेर म्हणजे एक किलो धरला तर सुमारे सात टक्के जास्त पडते. गुळात एवढा फरक खपून जातो, पण मोहनाच्या तुपात तो जाणवू शकतो.

येथे एक सावधगिरी हवी. मुंबईच्या बाजारातला जुना मण २८ पौंडांचा होता आणि त्याचे ४० शेर होत, म्हणजे तो शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा होता. याच शेराचे ७२ टांक (टांक हे एक लहान वजन) होत आणि शेराचा आठवा हिस्सा म्हणजे नऊ टांक, तोच नवटाक. वही मुंबईत लिहिलेली असून फार जुनी असेल, तर नवटाक ४० ग्रॅमच्या आसपास येते. दुसरे टोकही पाहावे लागेल. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला, पण लोकांच्या तोंडी जुने शब्दच राहिले. आजही मंडईत 'पावशेर भेंडी द्या' म्हटले की भाजीवाला २५० ग्रॅमच तोलतो. तेव्हा वही १९६० नंतरची असेल तर सासूबाईंचा पावशेर २५० ग्रॅमचा असण्याची शक्यता जास्त आहे. वहीत कोठे साल, लग्नकार्याची नोंद किंवा वाणसामानाचे भाव लिहिलेले असतील तर ते जरूर पाहावेत. आणे-पैशांतले भाव दिसले तर पान बहुधा १९५७ पूर्वीचे, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून नवे पैसे आले.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. आईच्या नानकटाईचे प्रमाण दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर आणि एक वाटी तूप असे आहे. मी तेच प्रमाण येथील कपाने घेतले, तर नानकटाई एकदा दगडासारखी झाली आणि एकदा कोरडी पडून तडकली. एक कप मैद्याचे वजन कोणी १२० ग्रॅम सांगते, कोणी १४०. खरे कोणते?
– एक वाचक भगिनी, अमेरिका

उत्तर : दोन्ही खरे आहेत, आणि आपल्या नानकटाईची अडचण नेमकी तेथेच आहे. अमेरिकेतला कप २३७ मिलिलिटरचा असतो, सोयीसाठी तो २४० धरतात. एवढ्या जागेत पाणी किंवा तेल किती मावेल हे ठरलेले आहे, पण मैदा किती मावेल हे तो कसा भरला यावर अवलंबून असते. मैद्याच्या कणांमध्ये हवा असते. चाळला की ती वाढते, डब्यात बसून राहिला की ती कमी होते.

हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी ओट्यावर काटा मांडून एकाच कपाने, एकाच डब्यातला मैदा तीन प्रकारे मोजला. पहिल्यांदा मैदा परातीत चाळून घेतला, चमच्याने कपात अलगद सोडला आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट केला, तेव्हा ११४ ग्रॅम भरला. दुसऱ्यांदा न चाळता, पण चमच्यानेच भरला, तेव्हा १२३ ग्रॅम. तिसऱ्यांदा कप थेट डब्यात खुपसून भरून काढला, तर काट्याने १४६ ग्रॅम दाखवले. कप काठोकाठ सपाटच होता, डोळ्यांना काहीही फरक दिसत नव्हता. आपण दोन कप मैदा तिसऱ्या प्रकारे घेतला असेल तर आईच्या प्रमाणापेक्षा सुमारे ५० ग्रॅम मैदा जास्त गेला, आणि तेवढा कोरडेपणा नानकटाई तडकायला पुरेसा आहे.

आईची वाटी आणि आपला कप यांचे आकारमान वेगळे आहे याची चिंता मात्र करू नये. सर्व जिन्नस एकाच भांड्याने मोजले असतील तर ते भांडे केवढे आहे याला महत्त्व उरत नाही. दोनास एक, एक हे प्रमाण वाटीत तेच आणि कपातही तेच. वाटीची ही मोठी सोय आहे, आणि म्हणूनच आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या काट्यावाचून उत्तम पदार्थ झाले. गोंधळ सुरू होतो तो एक जिन्नस वाटीने आणि दुसरा पाकिटावरच्या वजनाने घेतला तर. आपल्या पत्रावरून मला शंका येते की तुपाच्या जागी आपण लोण्याच्या कांड्या वापरल्या असाव्यात. तेथील एक कांडी ११३ ग्रॅमची, म्हणजे अर्धा कप असते, हे खरे. पण लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी असते आणि तुपात ते जवळजवळ नसतेच. ते पाणी मैद्याला चिवट करते आणि नानकटाई खुसखुशीत होण्याऐवजी कडक होते. लोणी कढवून तूप करून घ्यावे आणि मगच मोजावे.

तूप मोजतानाही ते थिजलेले आहे की पातळ, हे पाहावे लागते. थिजलेले तूप चमच्याने कपात भरले की मध्ये पोकळ्या राहतात, वरून कप भरलेला दिसतो. कोमट करून पातळ केलेले तूप एका कपात सुमारे २१८ ग्रॅम भरते. माझे सांगणे असे की नानकटाईसाठी २४० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम पिठीसाखर आणि २१८ ग्रॅम तूप असे एकदा काट्यावर घेऊन पाहावे. मैदा दहा-पंधरा ग्रॅमने कमी-जास्त लागला तर तो आकडा वहीत लिहून ठेवावा. तूप मोजून झाल्यावर मात्र ते पुन्हा थिजू द्यावे आणि मगच फेसायला घ्यावे.

कपाचा हा आग्रह अमेरिकेत इतका घट्ट का रुजला, असेही आपण विचारले आहे. बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्राचार्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात सपाट भरलेल्या कपाचा आणि सपाट चमच्याचा हट्ट धरला, आणि तो ग्रंथ घरोघर गेला. त्याआधी 'अक्रोडाएवढे लोणी' अशा पद्धतीने लिहिण्याची रीत होती, त्या मानाने ही मोठीच सुधारणा होती. ऑस्ट्रेलियातल्या मैत्रिणीची कृती वापरणार असाल तर एवढे लक्षात ठेवावे, की तेथील कप २५० मिलिलिटरचा आणि मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो; अमेरिकेतला मोठा चमचा १५ चा.

प्रश्न : आमच्याकडे पुरणासाठी 'वाटीला वाटी', म्हणजे एक वाटी हरभऱ्याच्या डाळीला एक वाटी चिरलेला गूळ घेतात आणि पुरण नेहमी छान होते. मुलाच्या मुंजीला त्याच हिशेबाने पाच किलो डाळीला पाच किलो गूळ घेतला, तर पुरण अतिगोड आणि सैल झाले, पोळ्या फुटू लागल्या. प्रमाण तर तेच होते. मग चुकले काय?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रमाण तेच नव्हते. या पत्राने मला फार विचार करायला लावला, कारण ही चूक मोठ्या कार्यात अनेकांकडून होते आणि दोष विनाकारण गुळाच्या प्रतीला दिला जातो.

माझ्याकडची आमटीची वाटी १६० मिलिलिटरची आहे. तीत हरभऱ्याची डाळ काठोकाठ भरली तर १३५ ग्रॅम भरते. गूळ विळीवर चिरून त्याच वाटीत अलगद टाकला, तर १०० ग्रॅमच्या आसपास भरतो, कारण चिरलेल्या तुकड्यांमध्ये भरपूर पोकळी राहते. तोच गूळ किसून अंगठ्याने दाबून भरला तर तो १४० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे आपल्या घरचे 'वाटीला वाटी' हे प्रत्यक्षात १३५ ग्रॅम डाळीला १०० ग्रॅम गूळ असे आहे, वजनाने पाऊणपटच. त्या हिशेबाने पाच किलो डाळीला ३ किलो ७०० ग्रॅम गूळ लागला असता. आपण सव्वा किलोहून अधिक गूळ जास्त घातला. तो विरघळून पुरणाचा पाक झाला आणि कितीही आटवले तरी पुरण घट्ट होईना, हे स्वाभाविकच आहे.

वाटीचे प्रमाण किलोत नेण्यापूर्वी एक गोष्ट नेहमी करावी. ज्या हाताने रोज पुरण होते त्याच हाताने, नेहमीच्या सवयीने एक वाटी डाळ आणि एक वाटी गूळ भरून घ्यावा आणि दोन्ही वेगवेगळे तोलावे. माझे आकडे आपल्याला तंतोतंत लागू पडतील असे नाही. गूळ चिरण्याची प्रत्येकाची जाडी निराळी, आणि पावसाळ्यात ओल धरलेला गूळ दबून बसतो. पण दोन्हींचे आपापसांतले नाते एकदा हाती आले की पाच किलो काय आणि पंचवीस किलो काय, त्रैराशिक मांडता येते. हीच काळजी खोबऱ्याचा कीस, पोहे, चुरमुरे, बेसन आणि पिठीसाखर या हवा धरून राहणाऱ्या जिनसांसाठी घ्यावी. साखर, तांदूळ, रवा आणि डाळी यांत हातागणिक फार फरक पडत नाही; २४० मिलिलिटरच्या कपात साखर २०० ग्रॅम, तांदूळ १९० आणि रवा १७० ग्रॅमच्या आसपास भरतो.

आपली वाटी किती मिलिलिटरची आहे हे माहीत नसेल तर ती रिकामी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावे. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. काटा नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची न फोडलेली बाटली घ्यावी आणि ती किती वाट्यांत रिकामी होते ते मोजावे. तीन वाट्या भरून थोडे पाणी उरले तर वाटी दीडशे-एकशे साठ मिलिलिटरची आहे.

प्रश्न : कैरीच्या लोणच्याला आई एक किलो फोडींना एक वाटी खडेमीठ घालत असे. मी बारीक मीठ एक वाटी घातले तर लोणचे खारट झाले. पुढच्या वर्षी अंदाजाने कमी केले तर महिन्याभरात बुरशी आली. नेमके किती घालावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लोणच्यात मीठ केवळ चवीसाठी नसते, त्यावर लोणच्याचे टिकणे अवलंबून असते, म्हणून येथे वाटीचा भरवसा धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बारीक मिठाचे कण एकमेकांना चिकटून बसतात, खड्यांमध्ये मात्र पोकळी राहते. माझ्या १६० मिलिलिटरच्या वाटीत बारीक मीठ १९० ग्रॅम भरले आणि खडेमीठ १५० ग्रॅम. खडे जितके मोठे तितके वजन आणखी कमी. एका वाटीमागे ४० ग्रॅमचा हा फरक एक किलो फोडींत जिभेला लगेच कळतो.

आईची वाटी घरात असेल तर ती खडेमिठाने भरून तोलावी आणि तेवढ्याच ग्रॅमचे बारीक मीठ घ्यावे. ती नसेल तर मी स्वतः फोडींच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाइतके मीठ घेते, म्हणजे एक किलोला १६५ ते १७० ग्रॅम. फोडी धुऊन, पुसून, कोयी काढून झाल्यावरच तोलाव्यात, आख्ख्या कैरीचे वजन धरू नये. जुन्या बायका मीठ आधी भाजून, कुटून मग मोजत, त्यामागेही हेच कारण असावे: ओल निघून जाते आणि दरवेळी वाटीत सारखेच मीठ येते. लोणचे बिघडण्यामागे फोडींची ओल किंवा बरणीचा ओलसरपणाही असू शकतो, तेवढे तपासून घ्यावे.

प्रश्न : एक लिटर तेलाची पिशवी आणली आणि तोलली, तर तेल ९१० ग्रॅमच भरले. ही फसवणूक आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर पाणी एक किलो भरते, तर एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम. एक लिटर तूपही सुमारे ९०५ ग्रॅमच भरते. मात्र तेल तापले की फुगते, त्यामुळे किती तापमानाला एक लिटर भरले यावर वजन ठरते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये जे उदाहरण दिले, त्यानुसार एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना ८९३ ग्रॅमच. म्हणूनच पिशवीवर तापमानाची पळवाट न ठेवता लिटर आणि वजन दोन्ही छापावे, असे उत्पादकांना तेव्हा सांगण्यात आले. खरेदी करताना दोन पिशव्यांची तुलना ग्रॅमवरून करावी.

प्रश्न : विजेच्या भातपात्राबरोबर आलेला कप घरातल्या मापाच्या कपापेक्षा लहान आहे. पाण्याच्या खुणा कोणत्या कपाच्या धराव्यात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भातपात्राबरोबर आलेल्याच कपाच्या. तो १८० मिलिलिटरचा असतो, कारण तांदूळ मोजण्याचे जपानी माप तेवढे आहे आणि भांड्याच्या आतल्या रेघा त्याच मापाने आखलेल्या असतात. त्यात सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतो. कप हरवला तर १५० ग्रॅम तांदूळ तोलून घ्यावा आणि पाणी एकच्या रेघेपर्यंत भरावे. या खुणा जपानी तांदळाच्या हिशेबाने आखलेल्या असतील तर आपल्याकडच्या जुन्या कोलमला पाणी थोडे जास्त लागेल. पहिल्यांदा रेघेच्या वर अर्धे बोट घालून पाहावे.